नॅसचा लाल दिवा परत परत लागतोय? नवी डिस्क आणण्याआधी हे बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून मला एका वर्षात चार वेळा तोच फोन आला. "सर, ते डबडं परत बोंबलाय लागलंय बघा." डबडं म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला चार खणांचा नॅस, म्हणजे सगळ्या ऑफिसला नेटवर्कवरून फाइल पुरवणारा डिस्कचा डबा. त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे एक गेली तरी उरलेल्यांवरून डेटा मिळेल अशा जोडलेल्या. लाल दिवा, न थांबणारी बीप आणि स्क्रीनवर 'व्होल्यूम डिग्रेडेड'. याचा अर्थ चारातली एक डिस्क गळाली. डेटा अजून शाबूत असतो, पण दुसरी गळाली की सगळंच जातं.

पहिल्या वेळी दुसऱ्या खणातली डिस्क बदलली. दोन-अडीच महिन्यांनी चौथ्यातली गळाली, तीही बदलली. मग पहिल्यातली. तिसऱ्या खेपेला मालकांनी चहा पुढं सरकवत विचारलं, "तुम्ही डिस्कचं दुकान काढलंय काय?" त्यांचा राग बरोबर होता. कारण काढलेल्या तिन्ही डिस्क मी माझ्या टेबलावर लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून बघितल्या होत्या, आणि तिन्ही ठणठणीत होत्या.

डिस्क बदलली की दिवा हिरवा होतो, बिल निघतं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये आणि गुजरीतल्या एका सराफाकडेही मी हाच प्रकार बघितला. तिन्ही ठिकाणी डिस्क खराब नव्हती. डिस्क भलत्या कामाला जुंपलेली होती. फौंड्रीचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं होतं आणि त्यात माझ्याही दोन चुका आहेत, म्हणून तेच नीट सांगतो.

आधी डिस्क ओढू नका

'डिग्रेडेड' दिसलं की हात आपोआप त्या खणाकडे जातो. डिस्क ओढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. थांबा. खोचल्याबरोबर बरेच नॅस रीबिल्ड सुरू करतात, आणि रीबिल्ड म्हणजे गळालेल्या डिस्कचा डेटा परत तयार करायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत वाचणं. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं एकसलग भरली तरी साडेसात तास लागतात, आणि तसा वेग रोजच्या कामाच्या गर्दीत मिळत नाही. आधीच दमलेल्या तीन डिस्कवर हा सगळ्यात मोठा भार असतो. तो टाकण्याआधी अकाउंटचं फोल्डर आणि ड्रॉइंग दुसऱ्या कशावर तरी उतरवून घ्या. एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालेल, कुणाचा तरी लॅपटॉपसुद्धा चालेल.

दुसरी गोष्ट, खण चुकवू नका. स्क्रीनवर 'डिस्क २' लिहिलेलं असतं, पण दुसरी डावीकडून की उजवीकडून? काही यंत्रं तर शून्यापासून मोजतात. चांगली डिस्क ओढली की रेड ५ तिथंच संपलं. म्हणून स्क्रीनवरचा सिरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कवरच्या लेबलाशी ताडून बघा. मी प्रत्येक ट्रेवर मार्करनं शेवटचे चार आकडे लिहून ठेवतो. दिसायला गबाळं दिसतं, पण रात्री नऊ वाजता फोनवरून कुणाला तरी समजावून सांगताना तेच उपयोगी पडतं.

आणि 'इनिशियलाइझ' असा पर्याय कुठं दिसला तर त्याला हात लावायचा नाही, त्यानं सगळं पुसलं जातं.

लॉग काय म्हणतो?

दिवा फक्त बोंब मारतो, कारण लॉगमध्ये असतं. नॅसच्या लॉगमधली डिस्क गळण्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांची नोंद काढा. शिवाय प्रत्येक डिस्क स्वतःचं एक आजारपत्रक ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. साध्या पीसीवर ते क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, नॅसमध्ये त्याच्या स्वतःच्या पानावर.

त्यात पाच नंबरची ओळ, म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा), आणि १९७ नंबरची, म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा), यांचे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क खरोखरच मरायला टेकलीय. बदला, विचार करू नका. पण या दोन्ही ठिकाणी शून्य असून १९९ नंबरची सीआरसीची, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या मोजणीची, ओळ वाढत असेल तर दोष वायरचा किंवा खणाच्या कनेक्टरचा. ती डिस्क टाकून नवी आणलीत तर नवीचंही तेच होणार. मराठीत याला चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात.

खण कुठला, यावरूनही बरंच कळतं. दर वेळी तोच खण असेल तर खण, वायर किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी बघा. दर वेळी वेगळा असेल तर सगळ्या डिस्कना समान असलेली गोष्ट शोधा. म्हणजे वीज, हादरे किंवा डिस्कची जात.

फौंड्रीत दर वेळी वेगळा खण होता. तिन्ही डिस्कच्या ५, १९७ आणि १९९ या ओळींत शून्य. लॉगमध्ये एवढंच, की डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला बाहेर काढलं.

माझी पहिली चूक

मी विजेवर संशय घेतला. फौंड्री म्हटल्यावर कुणीही घेईल. शेजारच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस. हीट, म्हणजे धातू वितळवणं, चालू झाली की ऑफिसच्या ट्यूबलाइट क्षणभर मंद होतात, हे मी स्वतः बघितलेलं. मालकांना सांगून नवा ऑनलाइन यूपीएस बसवला, अर्थिंग नव्यानं करून घेतलं. नॅस स्टुलावरून काढून भिंतीपासून लांब, रबरी पट्ट्यांवर ठेवला, कारण भिंतीपलीकडं मोल्डिंग मशीन धडधडत होतं.

हादऱ्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरनं डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून नुसतं जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि डिस्कचा उत्तर द्यायला लागणारा वेळ आलेखावर चढलेला सगळ्यांनी बघितला. माणसाच्या ओरडण्यानं जर तसं होत असेल तर मोल्डिंग मशीननं काय होईल! लोखंडाची बारीक धूळ तर वेगळीच. ती वीज वाहून नेते, आणि नॅसचा पंखा तिला आत ओढून घेतो. त्यामुळं ही सगळी कामं करायलाच हवी होती. पण दीड महिन्यानं चौथा फोन आला.

या वेळी मी तारखा मांडल्या. चारही वेळा महिन्याचा पहिला शनिवार किंवा त्याच्या नंतरचा रविवार. फर्नेस रविवारी बंद असते.

कौलं, आणि उसाच्या गाड्या

डिस्कचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या यादीत बघितला, तेव्हा उलगडा झाला. डिस्क एसएमआर जातीची होती. इंग्रजीत याचं पूर्ण नाव शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, आणि शिंगल म्हणजे आपलं कौल.

हार्ड डिस्कवर डेटा गोल पट्ट्यांत लिहिला जातो. लिहिणारं टोक रुंद असतं, वाचणारं अरुंद. म्हणून कंपन्यांनी युक्ती केली. कौलारू घराची कौलं जशी एकावर एक थोडी चढवून बसवतात, तशा या पट्ट्या एकमेकींवर चढवल्या. वाचायला अरुंद पट्टी पुरते, आणि तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो. डिस्क स्वस्त पडते. अडचण येते ती दुरुस्तीत. मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलून परत ओळीनं बसवावी लागतात. तसंच इथं एक फाइल बदलायची तर त्या चढलेल्या पट्ट्यांचा अख्खा गट नव्यानं लिहावा लागतो, आणि असा एक गट साधारण २५६ एमबीचा असतो.

ही ओढाताण बाहेर दिसू नये म्हणून डिस्कमध्ये थोडी जागा राखलेली असते. आलेला डेटा आधी तिथं उतरतो आणि डिस्कला सवड मिळाली की मूळ जागी लागतो. आपल्याकडं हंगामात कारखान्याच्या यार्डात गाड्या लागतात, अगदी तसं. गाडी काट्यावरून आत गेली की ट्रॅक्टरवाल्याला सुटल्यासारखं वाटतं, पण गव्हाणीत मोळ्या पडणार त्या गाळपाच्या वेगानंच. यार्ड भरलं की रांग थेट रस्त्यावर येते.

घरच्या पीसीत ही डिस्क काही वाईट नाही. दिवसभर एक-दोन फाइल लिहिल्या, मग रात्रभर आराम. माझ्या टेबलावर तपासतानाही तिला तसाच निवांतपणा मिळाला, म्हणून ती ठणठणीत दिसली. फौंड्रीत मात्र तिला सवड म्हणून मिळत नव्हती, कारण कुणीतरी आठ कॅमेऱ्यांचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग त्याच नॅसवर सोडलं होतं. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर आठ कॅमेऱ्यांचे ३२ मेगाबिट, म्हणजे ४ एमबी. ऐकायला किरकोळ वाटतं. दिवसाचा हिशेब केला तर ३४५ जीबी होतात, आणि तेही चोवीस तास, दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा. यार्ड कायम भरलेलं.

त्यात महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री नॅसचं डेटा स्क्रबिंग. म्हणजे सगळ्या डिस्क पूर्ण वाचून सगळं जुळतंय का ते बघणं. आणि त्याच रात्री महिन्याचा पूर्ण बॅकअप. हे वेळापत्रक लावलं होतं मी. 'शनिवारी रात्री कुणी नसतं' म्हणून. ही माझी दुसरी चूक.

अशा गर्दीत डिस्कला उत्तर द्यायला उशीर होतो, आणि त्यात डिस्कचा स्वभावही आड येतो. एखादी जागा वाचता आली नाही की साधी डेस्कटॉप डिस्क हट्टाला पेटते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि त्यात मिनिटभरही जाऊ शकतं. एकटी असताना हा गुण आहे, कारण डेटाची दुसरी प्रत कुठं नसते. रेडमध्ये मात्र शेजारच्या डिस्कवरून तीच माहिती तयार करता येते, म्हणून नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत 'मला जमत नाही' असं सांगून मोकळी होते. हट्टी डिस्क तोंड उघडत नाही, आणि नॅस तिला मेली समजून हजेरीपटावरून नाव खोडतो. तुमची डिस्क कुठल्या स्वभावाची आहे ते स्मार्टसीटीएल नावाच्या साधनात 'एससीटी ईआरसी' या नोंदीत दिसतं. ७० हा आकडा आला तर सात सेकंद. 'डिसेबल्ड' आलं तर अशी मर्यादा चालू नाही, आणि ती रेडमधून गळायचा धोका आहे.

दुकानात लेबल बघून एसएमआर ओळखता येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये तर नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कमध्येही हेच तंत्र असल्याचं बाहेर आलं आणि जगभर बोंबाबोंब झाली. तेव्हापासून कंपन्या मॉडेलनुसार याद्या देतात. 'नॅसची द्या' एवढं म्हणून भागत नाही, मॉडेल नंबर घ्या, यादीत सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली जात, असं लिहिलेलं बघा आणि मग पैसे द्या.

मग काय कशावर ठेवायचं?

मालकांना मी एकच विचारलं. सीसीटीव्ही सोडून तुमचा डेटा किती? त्यांनी अंदाजानं सांगितलं, "आठ-नऊ टीबी असंल." मोजला तर ड्रॉइंग, पॅटर्नचे फोटो, टेस्ट रिपोर्ट आणि अकाउंट मिळून ९०० जीबी निघाला. बाकी सगळं गेटचं आणि भट्टीचं चित्रीकरण. ९०० जीबीसाठी चार डिस्कचं रेड ५, आणि त्यापायी वर्षभर डोकेदुखी.

सीसीटीव्ही आधी वेगळा काढला. त्याचा रेकॉर्डर वेगळा आणि त्यात सर्व्हेलन्ससाठी बनवलेली एक डिस्क. ती अखंड लिहिण्यासाठीच असते, आणि गेली तरी दुःख नाही. महिन्यापूर्वीचं गेट कोण बघतंय? 'एसएसडी लावा की, फास्ट असतो' असं एक जण म्हणाला. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. त्याला हिशेब दाखवला. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी असते. दिवसाला ३४५ जीबी म्हणजे वर्षाला १२६ टीबी. अडीच वर्षं व्हायच्या आत हमी संपली, आणि साठणार जेमतेम दीड दिवसाचं.

एसएसडी हवा होता तो मॅडमना. अकाउंटच्या मॅडमची तक्रार नॅसच्याही आधीची. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी भरायच्या आधी तिघी जणी एकदम टॅलीत बसल्या की लेजर उघडायला चहा पिऊन यावं लागायचं. फाइल शेअर करून चालणाऱ्या अकाउंटिंगला मोठा वेग लागत नाही, त्याला लागतात हजारो बारीक बारीक उड्या. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवा तो डेटा टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. टोक हलायला आणखी आठ-नऊ. एका उडीला साधारण १३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ७५-८० उड्या होतात. फिरणाऱ्या डिस्कचं हे गणित कितीही पैसे टाकले तरी फारसं बदलत नाही. साधा साटा एसएसडी हजारांच्या घरात उड्या मारतो, कारण त्यात काही फिरतच नाही. म्हणून अकाउंटचा डेटा एका साध्या पीसीवर, आत दोन एसएसडी आरशासारख्या जोडलेल्या, पाठीशी यूपीएस. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जातीचा एसएसडी, घेतला असता तर? इथं फरक कळला नसता, कारण मधली नेटवर्कची वायर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर जाऊच देत नाही, आणि साटा एसएसडीच ५५० पर्यंत जातो.

त्या वायरमध्येही एक गंमत सापडली. एका मॅडमचा पीसी बाकीच्यांपेक्षा कायम हळू. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. कपाटाच्या पायाखाली वायर चेपून एक जोडी तुटली होती, आणि पीसी मुकाट १०० वर उतरला होता. म्हणजे सेकंदाला ११-१२ एमबी. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये 'स्पीड' ही एक ओळ असते, ती एकदा बघा. चाळीस रुपयांच्या पॅचकॉर्डनं सुटणाऱ्या दुखण्यासाठी लोक सर्व्हर घेतात. आणि वायफायवरून टॅलीचं शेअर फोल्डर उघडू नका. लिहिता लिहिता सिग्नल गेला की फाइल अर्धवट राहते, आणि मग 'डेटा रिपेअर करा' म्हणून शनिवारी रात्री मला फोन.

ड्रॉइंग आणि बाकीच्या फाइल नॅसवरच ठेवल्या. फक्त चारऐवजी दोन डिस्क, सीएमआर, रेड १. एक मेली तर दुसरी जशीच्या तशी, आणि रीबिल्ड म्हणजे नुसती नक्कल. अर्धी जागा 'वाया' जाते, हे मालकांना खटकलं, पण ९०० जीबीसाठी ४ टीबी बख्खळ. आठ-दहा डिस्क लागणाऱ्यांनी रेड ५ चा नाद सोडून रेड ६ बघावं, त्यात दोन मेल्या तरी चालतं. सॅन आणि फायबर चॅनेल वगैरे, म्हणजे फक्त डिस्कसाठी उभारलेलं वेगळं नेटवर्क, हे दहा-वीस व्हर्च्युअल सर्व्हर असलेल्या साखर कारखान्यासाठी किंवा मोठ्या हॉस्पिटलसाठी. शंभर माणसांच्या फौंड्रीला ते कुणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. बॅकअपची टेपही तशीच. २०२१ पासून मिळणाऱ्या एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतं, पण ती वाचायला लागणारं ड्राइव्ह छोट्या धंद्याला झेपणारं नाही.

पंचगंगेच्या अलीकडे एक, पलीकडे एक

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरीही बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क नॅसच्याच डोक्यावर ठेवलेली असते. चोर आला, आग लागली, पाणी आलं, तर दोन्ही एकदम. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तरी तेच, कारण ती डिस्क कायम यूएसबीला लावलेली असते आणि व्हायरसला ती आणखी एक ड्राइव्ह म्हणूनच दिसते.

पाण्याचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं. २०१९ ला शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर तळमजल्यावर होता. त्यांनी बॅकअप घेतला होता, तो घरी नेऊनही ठेवला होता. घर नागाळा पार्कात, तेही तळमजल्यावर. दोन्हीकडे एकाच रात्री पाणी शिरलं.

त्याच पुरात उलटंही बघितलं. एकाचा डेटा शिरोलीत अगदी कोरडा होता, पण हायवे पाण्याखाली. तो शहरात अडकला, डेटा नदीपलीकडे. बिलं थांबली ती पाणी उतरेपर्यंत. म्हणून मी प्रत एक असो की तीन, एकच हट्ट धरतो, पंचगंगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. फौंड्रीचा नॅस शिरोलीत, म्हणून मालकांच्या राजारामपुरीतल्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, आठवड्याला बदलणाऱ्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क. एक घरी असते तेव्हा दुसरी कारखान्यात. त्या मुद्दाम हार्ड डिस्क, एसएसडी नाहीत. वर्षानुवर्षं कपाटात बिनविजेच्या पडून राहायचं काम एसएसडीचं नाही, त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. पेनड्राइव्हवर तर मी बोलतच नाही. मालक दर लक्ष्मीपूजनाला वर्षभराच्या हिशेबाचा पेनड्राइव्ह चोपड्यांशेजारी ठेवतात, तो पूजेपुरता ठेवावा.

तिसरी प्रत क्लाऊडवर. ५० मेगाबिट अपलोडच्या फायबरवर ९०० जीबी चढवायला सलग ४० तास लागले असते, कामाच्या वेळात वेग कमी ठेवल्यामुळं प्रत्यक्षात आठवडा. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइल जातात, त्याला अर्धा तास. पण क्लाऊडचं सिंक आणि क्लाऊडचा बॅकअप एक नाही. सिंक म्हणजे इकडं फाइल बिघडली की तिकडंही तत्परतेनं बिघडते. जुन्या आवृत्त्या किमान ९० दिवस राहतील अशी सोय असेल तरच त्याला बॅकअप म्हणा. आणि चालू टॅलीचं फोल्डर सिंकमध्ये टाकू नका. फाइल उघडी असताना सिंक तिच्यावर हात टाकतं आणि दोघांच्या ओढाताणीत तिचंच नुकसान होतं. घेताना एक दर नक्की विचारा, डेटा परत उतरवायला किती पडतात? काही ठिकाणी ठेवणं स्वस्त आणि काढणं महाग असतं. दर महिन्याचं बिल बघून खूश झालेले लोक हे गरज पडल्यावरच वाचतात.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळं क्लाऊड भारतातलाच निवडला. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी लेखा नियमांत झालेल्या बदलानुसार हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. वह्या आठ वर्षं जपायच्या. प्रोप्रायटर असाल तर हा नियम तुम्हाला नाही, पण जीएसटीचे ७२ महिने आहेतच. मोठ्या तिन्ही क्लाऊड कंपन्यांचे विभाग मुंबई-पुण्याकडं आहेत, त्यामुळं त्यात अडचण नाही. सेटिंगमध्ये विभाग निवडताना मात्र बघून निवडा, नाहीतर डेटा सिंगापूरला जाऊन बसतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

स्क्रबिंग आता तिसऱ्या शनिवारी, बॅकअप वेगळ्या दिवशी. नऊ महिने झाले, लाल दिवा नाही. काढलेल्या एसएमआर डिस्कही फेकल्या नाहीत. दोन घरच्या बॅकअपच्या डब्यांत गेल्या, आठवड्यातून एकदा लिहायचं आणि मग झोपायचं, हे काम त्यांना मानवतं. एक माझ्याकडं, मालकांनी बिलात वळती करून दिलेली.

मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. क्लाऊडवरून मार्चचं एक बिल आणि एका पंप केसिंगचं ड्रॉइंग परत आणायचं. बिल चार मिनिटांत आलं. ड्रॉइंग सापडेना. नॅसवर नाही, घरच्या डिस्कवर नाही, क्लाऊडवर नाही. शेवटी डिझाइनवाला पोरगा मान खाली घालून म्हणाला, "सर, ते माझ्या डेस्कटॉपवर हाय. चालू कामाचं सगळं तिथंच ठेवतो मी, उघडायला बरं पडतं." परवा त्याच्या पीसीचं बघायला जायचंय.